भूमिदेव नाही म्हणाला

पहिला कौल उलटा पडला, तो लाय श्वेइवांग यांनी फारसा मनावर घेतला नाही. देवाचा पहिला नकार म्हणजे बहुधा घसा खाकरणं असतं, हे देऊळ समितीच्या अध्यक्षपदाने त्यांना शिकवलं होतं. त्यांनी गुडघ्यांवरचा भार बदलला, फरशीवरच्या दोन्ही लाकडी चंद्रकोरी उचलल्या आणि माइकमध्ये पुन्हा स्वच्छ आवाजात विचारलं,

"भूमिदेवा, तुमच्या अंगणावरच्या पत्र्याच्या छपरावर सौर पॅनेल बसवायचे म्हणतो. वीज म्हाताऱ्यांच्या भोजनघराला मिळेल. तुमचा होकार आहे का?"

चंद्रकोरी पडल्या. दोन्हींच्या सपाट बाजू वर आल्या. म्हणजे देव हसला; धड हो नाही, धड नाही नाही.

तिसऱ्यांदा दोन्हींच्या फुगीर बाजू वर आल्या. म्हणजे नाही.

शीवेइ गावात ही रीत शेंबड्या पोरालाही पाठ आहे. एक सपाट, एक फुगीर पडली तर हो. आणि काम मोठं असेल तर असा हो लागोपाठ तीनदा यावा लागतो. अध्यक्षांना एकदाही आला नव्हता.

चूक वेळेची होती. एरवी श्वेइवांग देवाला पहाटे विचारत. तेव्हा देवळाचे गुरव सूआजोबा झाडलोट करत असत आणि तिसरं कुणी नसे. देव नाही म्हणाला तर उदबत्ती लावायची, बाहेर जाऊन चहा घ्यायचा, परत येऊन विचारायचं. होकार आला की मग गावाला सांगायचं. यात कुणाला लबाडी वाटत नसे. घरातल्या थोरांनाही माणूस त्यांचा मूड बघूनच विचारतो. पण सौर संस्थेची इंजिनिअर फान रूयिंग हिला फोटो हवे होते आणि श्वेइवांगना भाषण करायला आवडे. म्हणून या वेळी सकाळी उन्हं वर आल्यावर अंगणात खुर्च्या मांडल्या, चहाची किटली ठेवली, माइक लावला. माइकचे कर्णे गल्लोगल्ली होते. त्यामुळे देवाचा नकार शेतात लसूण लावणाऱ्यांनाही ऐकू गेला.

"आता परत टाका ना, काका," रूयिंग कॅमेरा सावरत म्हणाली. "होकार येईपर्यंत."

"असं नसतं, पोरी," सूआजोबा म्हणाले. "एकच प्रश्न सारखा विचारला तर देवबाबा चिडतो. तू नाही चिडणार? नाही म्हणाला ना, मग का नाही ते शोधायचं."

"ते कसं शोधायचं?"

"विचारून."

काम खरोखरच अडलेलं होतं. शीवेइ विजेच्या तारेच्या अगदी शेपटाला आहे. उन्हाळ्यात भर दुपारी सगळ्यांचे एसी सुरू झाले की पहिला अंधार इथे होतो. गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तसंच झालं, आणि भोजनघरात मेइचीआजी उकाड्याने पुढ्यातल्या सूपच्या वाडग्यावर मान टाकून बेशुद्ध पडल्या. त्या शुद्धीवर आल्या त्या "सूप खारट होतं" असं म्हणतच, पण गाव घाबरलं. छपरावर पॅनेल आणि कोपऱ्यात बॅटरी बसवायचं त्याच आठवड्यात ठरलं. बॅटरी येऊन पडली होती. आता फक्त छप्पर हवं होतं.

"मला विचाराल तर," समितीचे उपाध्यक्ष श्यू थिएनत्साय खुर्चीतूनच म्हणाले, "नैवेद्याची चिक्की बघा. सुपरमार्केटातली. पुड्यावर 'अर्ध्या किमतीत' हे अजून चिकटलेलंय." थिएनत्साय यांचं खताचं दुकान होतं. मागच्या निवडणुकीत ते श्वेइवांगकडून हरले होते, आणि तेव्हापासून प्रत्येक बैठकीला न चुकता हजर असत.

"काढायचं राहिलं ते," श्वेइवांग म्हणाले.

"देवाला दिसतं ना पण."

चिक्कीचं विचारलं. चिक्कीमुळे देव नाराज नव्हता. थिएनत्साय थोडे नाराज झाले.

"भूमिदेवीला वेगळं विचारलंत का?" मेइचीआजींनी काठी आपटली. "नाही ना? नवऱ्याला विचारलं की बायकोला विचारल्यासारखंच, असं समजतात मेले."

विचारलं. दोन्ही सपाट.

"हसला. म्हणजे तसं काही नाही," श्वेइवांग म्हणाले.

"हसला म्हणजे पटलं त्याला," आजी म्हणाल्या. "आणि आता ते गाण्याच्या यंत्राचं विचारा. भोजनघरातल्या कोपऱ्यातून काढून तुम्ही ते गोदामात टाकलंत. का, तर म्हणे बॅटरीला जागा पाहिजे. तेव्हापासून बाबा रुसलाय."

"आजी, देवाला कॅराओकेशी काय करायचंय?"

"विचारायला काय जातंय?"

पहिल्यांदा होकार आला. अंगणात कुजबुज झाली. दुसऱ्यांदाही होकार आला. श्वेइवांगच्या कपाळावर घाम दिसू लागला. तिसऱ्यांदा नकार.

"म्हणजे अगदीच रुसला नाहीये," आजी म्हणाल्या, "पण रुसलाय." टाळ्या पडल्या. यंत्र संध्याकाळच्या आत जागेवर येईल, असं अध्यक्षांना माइकवर जाहीर करावं लागलं.

हे पाहून गावाला हुरूप आला. देवाला असं मोकळेपणी विचारायची संधी रोज थोडीच येते? देवळाच्या नळाला पाणी बारीक येतं म्हणून देव रागावलाय का? मिरवणुकीत अध्यक्षांचा जावई सगळ्यांत पुढे चालतो म्हणून? शौचालयाचा दिवा दिवसाही चालू असतो म्हणून? श्वेइवांग गुडघ्यांवर बसून एकेक प्रश्न भूमिदेवापर्यंत पोचवत होते आणि प्रत्येक प्रश्न कर्ण्यांतून गावभर जात होता. आपल्या कारभारावर एवढी सविस्तर चर्चा त्यांनी यापूर्वी कधी ऐकली नव्हती. देव बहुतेक वेळा नाही म्हणत होता, हे खरं. पण विचारायचं ते विचारून झालेलं होतं.

शेवटी थिएनत्साय उठून उभे राहिले. "छप्परच बदलून बघा की. दुसरीकडे बसवावं असं बाबाच्या मनात असेल तर?"

हो. हो. आणि तिसऱ्यांदा हो.

रूयिंगने कॅमेरा खाली घेतला. आता फक्त कुठलं छप्पर एवढंच राहिलं होतं, आणि शीवेइत मोठी छपरं मोजकीच होती. बंद पडलेल्या शाळेचं विचारलं, नकार. भाताच्या गिरणीचं विचारलं, नकार. थिएनत्साय यांच्या खताच्या गोदामाचं विचारलं तेव्हा देव हसला. त्या गोदामाचे फुटके पत्रे बदलतो बदलतो म्हणत त्यांनी तीन उन्हाळे काढले होते.

सगळे चहाच्या पेल्यांत बघू लागले. देवळासमोर, रस्त्याच्या पलीकडे, गावातलं सर्वांत उंच आणि सर्वांत उन्हाचं घर उभं होतं. तीन मजली, सपाट गच्चीचं. ते अध्यक्षांचं होतं. वसंतातच रूयिंग तिथे माप घ्यायला आली होती, पण श्वेइवांगनी तिला जिन्यातूनच परत पाठवलं होतं. गच्ची गळते, वजन सोसणार नाही, असं त्यांनी तिला सांगितलं आणि नंतर समितीलाही सांगितलं.

गच्ची गळत नव्हती. गच्चीवर कबुतरखाना होता.

त्यातली कबुतरं शर्यतीची होती. त्यांना बोटीने समुद्रात दूर नेऊन सोडतात आणि ती पाण्यावरून उडत आपापल्या घरी येतात. म्हणजे काही येतात, काही नाही. गेल्या वर्षी श्वेइवांगची एक राखाडी मादी आली नाही. शर्यत संपली, निकाल लागला, सगळ्यांनी आशा सोडली. श्वेइवांग मात्र गच्चीवर स्टूल टाकून बसून राहिले. चौथ्या दिवशी ती आली, पिसांवर मिठाचा पांढरा थर घेऊन. तेव्हापासून तिचं नाव खारी. गच्चीवर लोखंड ठोकलं, काचा चमकू लागल्या, खुराडं हललं, तर खारीला आपलं घर कसं ओळखू येणार, याचं उत्तर श्वेइवांगकडे नव्हतं. आणि या वर्षीची शर्यत महिन्यावर आली होती. गळतीची गोष्ट यातून जन्माला आली. ती त्यांनी इतक्यांदा सांगितली होती, की पाऊस पडला की त्यांचं स्वतःचंच लक्ष छताकडे जाई.

"आमच्या घराचं विचारा," कुणीतरी म्हणालं.

श्वेइवांगनी मान वळवली. किटलीपाशी त्यांची बायको यूये उभी होती. हातातलं फडकं तिने शांतपणे खांद्यावर टाकलं.

"आपलं छत गळतं," श्वेइवांग म्हणाले. माइक चालू होता.

"मग देव नाही म्हणेल," यूये म्हणाली. "त्याला माहीत असणारच ना."

सूआजोबांनी चंद्रकोरी उचलून दोन्ही हातांनी त्यांच्या पुढे धरल्या. "घर तुझं, आवांग," ते श्वेइवांगना घरगुती नावाने म्हणाले. "मनापासून विचार."

श्वेइवांगनी मनापासूनच विचारलं. आयुष्यात त्यांनी देवाकडे पुष्कळ होकार मागितले होते. नकार मागायची ही पहिली वेळ होती.

हो.

हो.

तिसऱ्यांदा त्यांचे हात ओले झाले होते. एक चंद्रकोर समोरच सपाट बाजू वर करून पडली. दुसरी फरशीवर आपटली, उसळली, कडेवर गोल फिरत गेली आणि वेदीच्या लाल पडद्याखाली दिसेनाशी झाली.

"हात नका लावू!" सूआजोबा ओरडले. "जशी पडलीय तशी बघायची. आवांग, वाक."

श्वेइवांग वाकले. पडदा डोक्यावर घेऊन त्यांनी वेदीखाली मान घातली. आत अंधार होता, उदबत्तीच्या राखेचा वास होता आणि वाघदेवाची वीतभर मूर्ती होती. तिच्यासमोर भक्तांनी ठेवलेली कच्ची अंडी होती. चंद्रकोर दोन अंड्यांच्या मधे पडली होती. फुगीर बाजू वर.

म्हणजे हो.

बाहेर सबंध गाव होतं आणि आत ते एकटेच. सपाट आहे म्हटलं असतं तर देव हसला असं ठरलं असतं, सगळे हसले असते, चहा प्यायले असते आणि घरी गेले असते. कुणाचं काही बिघडलं नसतं. मग त्यांना सूपच्या वाडग्यावर टेकलेली मेइचीआजींची मान आठवली. त्यांनी वाघदेवाकडे पाहिलं. वाघदेव त्यांच्याकडेच बघत होता. वेदीखालच्या मूर्तीला बघायला दुसरं काही नसतं.

"आवांग," बाहेरून थिएनत्साय यांचा आवाज आला, "झोप लागली काय?"

"काका, काय पडलंय?" रूयिंगने विचारलं.

पडद्यातून आधी श्वेइवांगचे पाय मागे सरले, मग पाठ, मग डोकं. केसांना राख लागली होती.

"हो पडलंय," ते म्हणाले. मग माइकजवळ जाऊन पुन्हा म्हणाले, कारण असल्या गोष्टी एकदाच सांगून भागत नाही. "देवाचा होकार आहे. आमच्या गच्चीला."

दुसऱ्या दिवशी रूयिंग टेप घेऊन आली, तेव्हा श्वेइवांग कबुतरखान्यासमोर स्टुलावर बसले होते. त्यांनी तिला चहा विचारला नाही.

"खुराडं कधी तोडणार?" त्यांनी विचारलं.

"तोडायचं कशाला?"

"मग तुमचे पॅनेल कुठे बसणार? माझ्या डोक्यावर?"

"हो," रूयिंग म्हणाली. "म्हणजे तुमच्या डोक्यापेक्षा बरेच वर. उंच खांब लावतो आम्ही, काका. पॅनेल मांडवासारखे वर राहतात, खाली गच्ची मोकळी. खुराडं आहे तिथेच राहील. उलट सावली मिळेल त्याला. पुढची बाजू आत-बाहेर करायला उघडी ठेवू."

श्वेइवांगनी आधी वर पाहिलं, मग खुराड्याकडे. "हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही जिन्यातूनच परत पाठवलंत मला. काकूंना सांगितलं होतं मी. वसंतातच."

श्वेइवांग जिना उतरून खाली आले. यूये स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती.

"तुला माहीत होतं? खांबांचं?"

"हो."

"सहा महिने?"

"तू विचारलंस कधी?" यूयेने मान वर केली नाही. "छत गळतं म्हणून गावभर सांगून आलास. उन्हाळ्यात वरच्या खोलीत भट्टी पेटते, मी खाली फरशीवर झोपते, ते कधी विचारलंस? खोलीतला पंखा खुराड्यात नेऊन लावलास, तेव्हा विचारलंस? मला वाटलं, म्हाताऱ्या, देवासमोर तरी खरं बोलशील."

"बोललो ना."

"राख फासून घेतल्यावर," यूये म्हणाली. मग तिने शेंगांचं टोपलं त्यांच्याकडे थोडं सरकवलं आणि ते समोर बसून शेंगा सोलू लागले.

खांब उभे राहिले, पॅनेल चढले, रस्त्यावरून तार भोजनघरात गेली. बॅटरी आणि गाण्याचं यंत्र एकाच कोपऱ्यात शेजारी शेजारी बसली. पहिल्याच दुपारी गावाची वीज गेली तेव्हा मेइचीआजी एक जुनं विरहगीत गात होत्या. दिवे गेले नाहीत आणि गाणंही थांबलं नाही. काहींनी यावर कुरकुर केली.

शर्यतीच्या दिवशी श्वेइवांग सकाळपासून गच्चीवर होते. दुपारी रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "आली!" पश्चिमेकडून, एकटीच, खाली खाली येत एक राखाडी ठिपका वाढत गेला. खारी होती. आजूबाजूच्या गावांत अजून एकही पक्षी पोचला नव्हता. खुराड्याच्या दाराशी पायातल्या कडीची नोंद झाली की शर्यत तिची.

खारी घरावर आली. चकाकणाऱ्या निळ्या छपरावरून तिने एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसरी मारली आणि सरळ रस्ता ओलांडून देवळाच्या अंगणावरच्या रिकाम्या पत्र्यावर जाऊन बसली.

श्वेइवांग शीळ घालत खाली धावले. अंगणात गर्दी जमली होती. खारी वरून सगळ्यांकडे बघत होती.

"आत्ता कळलं," थिएनत्साय गंभीरपणे म्हणाले. "बाबाने आपलं छप्पर रिकामं का ठेवलं ते."

कुणी हसलं नाही. शीवेइत त्या क्षणी बऱ्याच जणांना ते पटलं होतं.

श्वेइवांगनी शीळ घातली, दाणे उधळले, हात जोडले. खारीने पंख साफ करायला घेतला. दूर दुसऱ्या गावावर एक पक्षी उतरताना दिसला, मग आणखी एक. तेव्हा ते देवळात शिरले, माइक बंद असल्याची खात्री केली आणि चंद्रकोरी उचलल्या.

"ती घरी येईल का?"

दोन्ही सपाट. देव हसला.

"नीट सांगा, बाबा. येईल का?"

देव पुन्हा हसला. आणि बाहेरून खडखडाट ऐकू आला, पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवल्यासारखा. पाठोपाठ शीळ आली. शीळ त्यांचीच होती, पण घालणारे ते नव्हते.

ते बाहेर आले. समोरच्या गच्चीवर, पॅनेलच्या सावलीत, यूये कठड्याला टेकून डबा हलवत होती. पत्र्यावर खारीने मान वाकडी केली. मग ती उठली, फार वर न जाता रस्ता ओलांडून गेली आणि निळ्या मांडवाखालून सरळ आत शिरली.

शर्यत शेजारच्या गावाने जिंकली होती. श्वेइवांग धापा टाकत गच्चीवर पोचले तेव्हा खारी पाणी पीत होती.

"तुला शीळ येते?" त्यांनी विचारलं.

"तू देवळात सभा घेत असतोस तेव्हा यांना दाणे कोण घालतं?"

"कधी सांगितलं..." असं म्हणता म्हणता ते थांबले. यूये त्यांच्याकडे बघत होती. "नाही. मीच विचारलं नाही."

खुराड्यात पंखा फिरत होता. श्वेइवांगनी पुढे होऊन त्याची वायर काढली, पंखा उचलला आणि ते जिन्याकडे निघाले.

"कुठे नेतोस?"

"तुझ्या खोलीत."

"नको. वर सावली झाल्यापासून खोली गार असते. राहू दे त्यांना."

हे बोलणं सरळ होतं. पण श्वेइवांगना आता कशाचीच घाई करायची नव्हती.

"खरंच राहू दे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नक्की?"

"हो म्हटलं ना."

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. यूये नुसती हसली, आणि अध्यक्ष पंखा हातात घेऊन तसेच उभे राहिले.